डोकं चढाकडे

१

सकाळी गोठ्यात शिरलं की काकू सगळ्यात आधी खिडकीची कडी बघायच्या. कडी लागलेली दिसली की जिवाला बरं वाटायचं. मग दिवा, मग बादल्या, मग पुढारणीच्या कासेला कोमट पाण्याचा हात. पुढारीण ही एकोणीस गाईंतली सगळ्यात थोरली आणि सगळ्यात आगाऊ. पहिली धार तिची काढली नाही, तर ती बाकीच्या अठराजणींनाही सुखानं उभं राहू देत नसे.

काकूंचं आणि काकांचं जगात कुणाशी तसं पुतण्याभाच्यांचं नातं उरलं नव्हतं. पण दूधगाडीवाल्यापासून गुरांच्या डॉक्टरांपर्यंत सगळे त्यांना काका आणि काकूच म्हणत. सातला दूधगाडीचा भोंगा वाजायचा, कॅन चढायचे, आणि गाडी वळणाआड गेली की काकू गुरांना वरच्या कुरणावर सोडायच्या. कुरण घराच्या अगदी मागे होतं. गोठ्याच्या भिंतीपासून जो चढ लागतो तो थेट आकाशापर्यंत.

गुरं वर चढवून चार दिवस झाले होते. दुपारी फेरी मारायला गेलेल्या काकूंना चांदी आडवी दिसली. जवळ जाईपर्यंत त्यांना कळून चुकलं होतं. पोट ढोलासारखं फुगलेलं, जीभ बाहेर, आणि दातांत अडकलेल्या दोन निळ्या पाकळ्या.

गुरांचे डॉक्टर तासाभरात आले. तरुण होते, पण हाताला गुण होता. त्यांनी पाकळ्या बघितल्या आणि मान हलवली. मग ते उठून गाईच्या भोवती एक चक्कर मारून आले.

"काकू, हिला तुम्ही फिरवलंत का?"

"मी कशाला फिरवू? साडेचारशे किलोचं धूड आहे ते."

"नाही, डोकं उताराला आहे म्हणून विचारलं."

काकूंनी तेव्हा बघितलं. चांदीचे मागचे पाय वर चढाकडे होते आणि डोकं खाली घराकडे. तिच्याखालचं गवत एका बाजूला गोल चेपलं होतं, दाराच्या घासण्यानं फरशीवर उमटते तशी रेघ पडली होती.

"तडफडली असेल," काकू म्हणाल्या.

"या विषानं जनावर तडफडत नाही हो. पाय लुळे पडतात. नुसती बसकण मारतं आणि जागेवरून हलत नाही." डॉक्टरांनी बॅग बंद केली. "जाऊ द्या. घसरली असेल."

घसरली असेल, हे काकूंनी लगेच मान्य केलं. इतकं लगेच, की त्यांचं त्यांनाच नवल वाटलं.

२

त्या निळ्या फुलाला नांगीफूल म्हणत. फुलाच्या पाठीला विंचवाच्या नांगीसारखी एक वर वळलेली शेपटी असते, म्हणून. दिसायला असं देखणं की परका माणूस घरी नेऊन पाण्यात ठेवेल. गाईनं मात्र पोटभर खाल्लं तर संपलं. आधी चाल अडखळते, मग गुडघे थरथरतात, मग ती बसते, आणि मग छाती हलायची थांबते. गाय पडली तर काय करायचं ते इथल्या माणसाला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता आलं असतं: हाकायचं नाही, ओरडायचं नाही, छातीवर बसतं करायचं आणि डोकं चढाकडे करायचं. डोकं उताराला गेलं की पोटाचा सगळा भार छातीवर येतो आणि जनावर गुदमरतं.

पण मुळात गाय पडूच नये, याचीही एक रीत होती. मेंढ्यांना नांगीफूल बाधत नाही. म्हणून गाईंच्या आधी पंधरा दिवस वरच्या कुरणावर मेंढ्या सोडायच्या. त्या फूल खातात, उरलेलं तुडवतात, आणि मग गाईंनी खुशाल चरावं. काका-काकूंकडे दरवर्षी एक म्हातारा मेंढीवाला त्याचा कळप घेऊन यायचा. त्याला सगळे मामा म्हणत. बोलायला कमी, चहाला कधी नाही न म्हणणारा. आणि कुणाचंही जनावर पडलं की हातातला पेला ठेवून धावणारा. पडलेल्या जनावराची मान दोन्ही हातांनी धरून, त्याच्या कानाशी काहीतरी पुटपुटत, तो ती इतक्या हलकेच चढाकडे वळवायचा की बघणाऱ्याला वाटावं, जनावर स्वतःच वळलं.

मामा गेल्या वर्षी त्याच चढावर गेला. छातीत कळ येऊन.

यंदा दुसरा मेंढीवाला बोलवायला हवा होता. काका तीन महिने कानीकपाळी ओरडत होते. "अगं, एक निरोप धाड. गुरांच्या जिवाशी खेळ आहे हा."

"धाडते हो," काकू म्हणायच्या, आणि धाडायच्या नाहीत. खालचं गवत संपलं, गुरं हंबरायला लागली, तेव्हा त्यांनी विळा घेऊन दोन दिवस दिसतील तेवढी नांगीफुलं कापली आणि गुरं वर चढवली. काकांना सांगितलं, मेंढ्या येऊन गेल्या.

काकांना ते पटलं, कारण काका खाटेवर होते. हिवाळ्यापासून त्यांचं हृदय थकलं होतं, छातीत पाणी साचायचं. त्यांच्या डॉक्टरांनी बजावलं होतं की त्यांना सपाट झोपू द्यायचं नाही. म्हणून काकूंनी खाटेच्या उशाकडच्या दोन्ही पायांखाली दोन-दोन विटा घातल्या होत्या. काका त्यावर हसायचे. "बघ, मलाही चढाकडे डोकं करून ठेवलंस. गाईत आणि माझ्यात फरक तो काय राहिला?"

"गाय दूध देते," काकू म्हणायच्या. पण हात त्यांच्याच पांघरुणावरून फिरत असायचा. एकतीस वर्षं झाली होती लग्नाला. हा माणूस गेला तर या घरात मागे काय उरतं, हा विचार काकू कधी पुरा करत नसत.

३

दोन दिवसांनी करडी पडली. या वेळी काकू वेळेत पोचल्या होत्या. सकाळपासून त्या डोळ्यांत तेल घालून कुरणावरच बसल्या होत्या, आणि करडीचं पाऊल अडखळताना त्यांनी स्वतः पाहिलं. गाय बसली. काकू हळूच जवळ गेल्या, तिच्याशी बोलल्या, खांद्याचा जोर लावून, घामाघूम होऊन, इंचाइंचानं तिचं डोकं चढाकडे वळवलं. दोन्ही बाजूंनी पेंढा भरलेली पोती लावली, म्हणजे ती कलंडू नये. करडीचा श्वास खोल आणि संथ चालू होता. अशी गाय वाचते.

घरात जाऊन फोन करायला आणि परत यायला दहा मिनिटं लागली असतील. डॉक्टर जवळच होते, त्यांची गाडी फाटकाशी लागताना ऐकू आली. दोघं बरोबरच चढले.

करडी मेली होती. तिचं डोकं उताराला होतं.

पोती सरकली नव्हती की फाटली नव्हती. ती एकावर एक नीट रचून बाजूला ठेवली होती. पाहुण्यांनी उठताना गाद्या रचून ठेवाव्यात तशी.

डॉक्टरांनी वरचं पोतं उचलून पुन्हा ठेवलं. मग म्हणाले, "काकू, तुम्ही फोनवर म्हणालात, डोकं चढाकडे केलंय."

"केलं होतं."

"मग हे?"

"मला काय माहीत?" काकूंचा आवाज चढला. "मीच मारीन का माझी गाय?"

"तसं नाही म्हणत मी." पण ते त्यांच्या हातांकडे बघत होते. "थकलात तुम्ही. काकांचं सगळं एकटीनं करता. कधीकधी माणूस एक करतो आणि त्याला वाटतं दुसरं केलं."

डॉक्टर गेल्यावर काकू तिथेच बसून राहिल्या. त्यांनी मनाशी सगळं पुन्हा लावून बघितलं. मी पोती लावली. नाही, आधी मान वळवली, मग पोती. डावं पोतं जरा जड होतं. हे सगळं आठवतं, म्हणजे ते घडलं. मग त्यांना दिसलं की करडीच्या मानेवरचे केस दोन ठिकाणी चेपलेत. दोन्ही हातांनी हलकेच धरल्यासारखे.

चढावर दुसरं कुणी नव्हतं. वाऱ्यानं राहिलेली नांगीफुलं एकदम एका बाजूला वळत होती आणि पुन्हा सरळ होत होती.

४

आता ते सांगायला हवं, जे काकूंनी कुणालाच सांगितलं नव्हतं.

गेल्या वर्षी मामा गेला त्या सकाळी काकू धारा काढत होत्या. गोठ्याची खिडकी तेव्हा उघडी असायची. सहज मान वर केली तर समोर चढावर मामा आडवा पडलेला. डोकं खाली घराकडे, पाय वर. काकूंना वाटलं, पडलाय की काय? मग वाटलं, लवंडला असेल. रात्री जास्त घेतली असेल. वाटलं, त्याचा एक हात हलला. हाक मारल्यासारखा हलला की माशी उडवल्यासारखा, हे त्यांनी ठरवलं नाही. दूधगाडी यायची वेळ झाली होती, चार गाई बाकी होत्या, आणि वारा बादलीत कचरा उडवत होता. काकू उठल्या. हात एप्रनला पुसले. आधी डावी फळी ओढली, मग उजवी, आणि कडी घातली.

दोन तासांनी तो काकांना सापडला. त्याला बघायला आलेले डॉक्टर म्हणाले, अर्ध्या तासापूर्वी कुणी नुसतं उठवून बसवलं असतं तरी निभावलं असतं. काका तेव्हा लहान मुलासारखे रडले होते. "घराच्या इतक्या जवळ गं! कुणाच्या एकाच्याही दृष्टीस पडू नये?"

काकू गप्प राहिल्या होत्या. त्या दिवसापासून गप्पच होत्या. मेंढीवाला न बोलावण्याचं कारणही तेच. पुन्हा त्या चढावर कुणी माणूस वावरताना त्यांना बघायचा नव्हता. त्यापायी दोन गाई गेल्या, हे त्यांना कळत होतं, आणि कळूनही तोंड उघडत नव्हतं.

करडी गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी काकू गोठ्यात शिरल्या, तर खिडकी सताड उघडी होती.

कडी जुनी झालीय, त्यांनी स्वतःला सांगितलं. मग त्यांनी कडी चारदा लावून, चारदा ओढून बघितली. ती जराही हलत नव्हती.

५

त्याच सकाळी काका न्याहारीला म्हणाले, "आज श्वास नीट लागत नाहीये बघ. कशाला बदललंस ते?"

"काय बदललं?"

"खाट. तू आलीस ना पहाटे, उचललीस ना? मी म्हटलंसुद्धा, अगं, पाठ धरेल तुझी. तू बोललीच नाहीस. नुसतं पुटपुटत होतीस कानाशी."

काकूंनी हातातली बशी ठेवली. त्या खाली वाकल्या. उशाकडचे पाय जमिनीवर टेकले होते. चारही विटा पायथ्याकडे होत्या, दोन-दोन, नीट एकावर एक. काकांचं डोकं उताराला होतं.

त्यांनी शेजारच्या लोखंडी पेटीवर काकांना बसवलं, आणि विटा जागच्या जागी आणल्या. खाट उचलताना त्यांना दोनदा टेकू द्यावा लागला. काका त्या खाटेवर असताना ती एकटीनं उचलणं त्यांना सात जन्मात जमलं नसतं.

"खरं सांग," काका धापा टाकत म्हणाले, "काय चाललंय? गुरांचे डॉक्टर काल माझ्या खिडकीशी थांबून गेले. म्हणाले, काकूंकडे लक्ष ठेवा. करडी कशानं गेली?"

"नांगीफुलानं."

"मेंढ्या येऊन गेल्या म्हणालीस ना?"

काकू उशी झटकायला लागल्या. काकांनी बराच वेळ त्यांच्याकडे पाहिलं. रागावले असते तर बरं झालं असतं. ते म्हणाले, "मी स्वतः जाऊन बघणारच एकदा."

"खबरदार खाटेवरून पाय खाली टाकलात तर," काकू म्हणाल्या. "तुम्हाला काही झालं तर मी कुणाच्या तोंडाकडे बघू?" आणि त्यांना रडू आलं. काकांनी त्यांचा हात थोपटला आणि विषय सोडला. सोडला असं काकूंना वाटलं.

त्यांनी मनाशी ठरवलं की उद्या धार झाली की गुरं वर सोडायचीच नाहीत. विकत चारा घालू. आणि मग काकांना सगळं सांगायचं, खिडकीसकट. ठरवल्यावर त्यांना कितीतरी दिवसांनी भूक लागली.

६

दुसऱ्या दिवशी धुकं होतं. चढाचा वरचा अर्धा भाग दिसतच नव्हता. काकूंनी गोठ्यात येताना खोलीत डोकावून विटा बघितल्या. उशाकडेच होत्या. काका डोळे मिटून पडले होते.

कडी लागलेली होती. पुढारीण मात्र उभी राहीना. कान टवकारून भिंतीकडे बघत होती, बादलीला लाथ मारत होती. दूधगाडी येऊन गेली, तरी चार गाई राहिल्याच. काकू तिला चुचकारून पुढच्या गाईशी बसल्या, एवढ्यात अंगावर गार वारा आला. खिडकी उघडी होती.

समोर चढावर एक माणूस पडला होता. डोकं खाली घराकडे, पाय वर.

तीच जागा. तोच अर्धवट वळलेला हात. हा भास आहे, त्या स्वतःशी म्हणाल्या. वर्षभर मनात धरून ठेवलं ते आता डोळ्यांसमोर उभं राहतंय. डॉक्टर म्हणाले होते, थकलात तुम्ही. तिथे कुणी नाही.

तरी त्यांनी घराकडे तोंड करून हाक मारली. "अहो?"

खोलीतून खोकला आला. दोन लहान, एक लांब. काकांचा खोकला त्यांनी हजारांत ओळखला असता.

काकूंना हायसं वाटलं. काका घरात आहेत. मग चढावर जे काही असेल ते असो. ते बघायचंच नाही, हाच त्यावर उपाय. त्या उठल्या. हात एप्रनला पुसले. आधी डावी फळी ओढली, मग उजवी, आणि कडी घातली.

उरलेल्या चारही गाईंच्या धारा काढून झाल्या. मग त्या काकांना चहा द्यायला घरात गेल्या. मागच्या दाराशी काकांच्या चपला नव्हत्या.

खाट रिकामी होती. पांघरूण घडी करून ठेवलं होतं. काकांनी आयुष्यात कधी पांघरूण घडी केलं नव्हतं. रिकाम्या खोलीत, उशीच्या जरा वर, कुणीतरी पुन्हा खोकलं. दोन लहान, एक लांब.

काकू चढावर कशा पोचल्या ते त्यांना आठवत नाही. काका उताणे पडले होते. ओठ निळे पडले होते, छातीतून पाण्यात फुंकल्यासारखा आवाज येत होता. पण येत होता. अजून वेळ होती. डोकं चढाकडे. नुसतं डोकं चढाकडे केलं, बसतं केलं, तरी निभावेल. काकूंनी काखेत हात घालून ओढलं. काका हलले नाहीत. शंभर किलोचा माणूस, ओलं गवत, आणि काकूंचे गुडघे गेली चार वर्षं दुखणारे. वळवायला त्या खालच्या अंगाला गेल्या, तर पाय घसरून त्याच बसल्या.

"अहो, जोर लावा जरा. माझ्यासाठी लावा. मी सांगते तुम्हाला सगळं. मी मामाला बघितलं होतं. त्या दिवशी मी खिडकीतून बघितलं होतं हो."

काकांचे डोळे उघडे होते. ते काकूंकडे बघत नव्हते. मान मागे पडल्यामुळे त्यांना घर उलटं दिसत असणार. ते तिकडेच बघत होते.

"आहे," काका म्हणाले. एकेक शब्दाला श्वास पुरत नव्हता. "खिडकीत. हाक मार तिला."

काकूंनी वळून पाहिलं. दोनशे पावलांवर गोठ्याची खिडकी उघडी होती. आत कुणीतरी उभं होतं. धुक्यात चेहरा दिसत नव्हता. पण ती बाई वर त्यांच्याकडेच बघत होती, यात शंका नव्हती.

एका माणसाची मदत पुरली असती. दोघींनी मिळून काकांना सहज वळवलं असतं. काकू उठून उभ्या राहिल्या, दोन्ही हात डोक्यावर हलवले, आणि ओरडल्या. "अहो बाई! इकडे या! माणूस पडलाय इथे! दिसतंय ना तुम्हाला?"

खिडकीतली बाई क्षणभर तशीच थांबली. मग तिनं हात एप्रनला पुसले.

"नको," काकू म्हणाल्या. "नको, नको गं."

आधी डावी फळी ओढली गेली, मग उजवी. इतक्या लांबून कडीचा आवाज यायचं काही कारण नव्हतं, पण काकूंना तो आला. त्या पुन्हा गुडघ्यांवर बसल्या, काकांच्या काखेत हात घातले, आणि एकट्याच ओढू लागल्या.